तोलल्यावरचा घास

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या 'फेरा' सहकारी संस्थेचे प्रमुख, आदरणीय प्रभाकररावजी. व्यासपीठावर बसलेले नगरपंचायतीचे व बाजार समितीचे मान्यवर. नागपूरहून सुट्टी टाकून आलेले आपले संगणक अभियंता साकेत सर. ज्यांच्यासाठी आज हे मंगल कार्यालय भरलं आहे त्या आपल्या प्रमोदिनीताई. सेलूच्या भाजीबाजारातल्या सगळ्या मावश्या. जामच्या चौकातून आलेली ढाब्यावरची मंडळी. आपलं खत नेणारे शेतकरी बंधू-भगिनी. आणि मागे खिडकीला टेकून उभे असलेले आमचे पिकअपचालक स्वप्निलभाऊ, बसा हो, खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मी रक्षा. संस्थेत वजनांच्या नोंदी बघते. हातात कागद आहे, मधेच एखादी ओळ गळली तर ती पंख्याच्या वाऱ्याने उडाली समजावी.

सुरुवातीला एक दुरुस्ती करते. प्रास्ताविकात ताईंनी संस्थेला सात वर्षं दिली असं सांगितलं गेलं. सातवं चालू आहे, पूर्ण व्हायचं आहे. ताई हसताहेत. त्यांना माहीत आहे, हे न सांगता मला पुढे बोलता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर ती माझ्या प्रत्येक वाक्यात लुडबुडेल. ताई आता अमरावतीला आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांच्या जागी केंद्र कुणी सांभाळायचं, हा प्रश्न आहे. गेल्या आठवड्यात प्रभाकररावजींनी मला बोलावून विचारलं, "तू सांभाळशील काय?" मी म्हटलं, विचार करून सांगते. परवा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अजून विचार चालू आहे. आज सकाळी इथे चहा घेताना ते म्हणाले, "पोरी, विचार करून राह्यली का दळण दळून राह्यली? भाषणात सांगून टाकजो."

तेव्हा अध्यक्षमहाराज, हे भाषण संपायच्या आत मला उत्तर द्यायचं आहे. इथे उभी राहिले तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतं. बोलता बोलता सापडेल अशी आशा आहे.

आपल्यापैकी काही पाहुणे प्रथमच आले आहेत, म्हणून फेरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. बाजार उठला की मागे राहतं ते, म्हणजे कोबीची पानं, पिवळी पडलेली मेथी, दबलेले टमाटे. आणि ढाब्यावर उरतं ते, म्हणजे भात, पोळ्या, भाजीची सालं. पूर्वी हे नालीत जायचं, नाहीतर रस्त्याच्या कडेला सडायचं. आता आपली पिकअप ते गोळा करते. केंद्रात बाया ते निवडतात. चांगला पाला गोठ्यांना जातो. बाकीचं गॅसच्या टाकीत जातं. तो गॅस शेजारच्या वसतिगृहाच्या चुलीला लागतो. टाकीतून निघणाऱ्या गाळाचं खत होतं, ते पोत्यात भरून शेतकऱ्यांना जातं, आणि त्यांची भाजी पुन्हा याच बाजारात येते. हा झाला फेरा.

आणि हा फेरा फोनवर चालतो. कुठे किती माल उरला आहे ते फोनवर कळतं, म्हणून पिकअप रिकामी फिरत नाही. टाकीला तापमान सांगणारा डोळा बसवला आहे, तो ताईंच्या फोनवर निरोप पाठवतो. ताई त्या टाकीला म्हातारी म्हणतात. एकदा कुणाच्या तरी साखरपुड्यात ऐन पंगतीत त्यांचा फोन वाजला आणि ताई ताटावरून उठत म्हणाल्या, "म्हातारीचं पोट बिघडलंय, मला जायला हवं." यजमानांनी बिचाऱ्यांनी घाईघाईने ओवा पुडीत बांधून दिला. ताईंनी तो घेतला, नाही म्हणाल्या नाहीत.

खताच्या प्रत्येक पोत्यावर एक चौकोनी खूण असते. शेतकऱ्याने फोन त्यावर धरला, की हे खत कुठल्या बाजारातून, कुठल्या आठवड्यात, काय काय घालून झालं, ते दिसतं. आपलं खत विकलं जातं ते या खुणेवरच्या विश्वासामुळे. माझं काम त्या खुणेमागच्या नोंदी जुळवण्याचं. आज सगळ्यांना सांगायची गोष्ट आहे ती एकदा या नोंदी जुळल्या नाहीत, त्याची.

मागच्या वर्षीपर्यंत माल एकदाच तोलला जायचा, केंद्रात आल्यावर. मग साकेत सरांनी पिकअपवरच काटा बसवला, फोनला जोडलेला. आता प्रत्येक मावशीचा माल तिच्या दुकानासमोर तोलला जाऊ लागला. ज्यांच्या घरी वावर, म्हणजे शेती आहे त्यांना त्या वजनाच्या हिशेबाने खत मिळतं. केंद्रात आल्यावर सगळा माल पुन्हा एकत्र तोलायचा, म्हणजे वाटेत काही कमी झालं का ते कळेल. सोपी गोष्ट. वाटेत पाला सुकतो, थोडं कमी होणारच, तेवढी सूट फोनला शिकवून ठेवली होती.

पहिल्याच आठवड्यात फोनने लाल खूण दाखवली. कमी झालं म्हणून नाही. जास्त आलं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, जास्त आलं तर बिघडलं काय? पण यंत्राच्या दृष्टीने माल वाटेत सुकू शकतो, सांडू शकतो, वाढू शकत नाही. वाढला, तर कुणीतरी त्यात पाणी मारलं किंवा माती मिसळली. म्हणून लाल खूण पडली आणि तिच्यापुढे नाव आलं स्वप्निलभाऊंचं, कारण त्या दोन वजनांच्या मधे गाडीत तेच असतात. लाल खूण असली की पोत्यावरची खूण उघडत नाही. शेतकरी फोन धरायचे आणि समोर यायचं, 'नोंद जुळत नाही.' पोती शेडमध्ये तशीच पडून राहू लागली. आणि केंद्रात स्वप्निलभाऊंच्या चहाच्या कपाशेजारी कुणी आपला कप ठेवेना.

एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, त्या मोबाइलले मी चोर दिसून राह्यलो. तुमाले बी दिसतो काय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. नसलेली खात्री मला दाखवता येत नाही.

ते म्हणाले, "मंग पाहा ना बाप्पा. अन् एक सांगा, चोर नेते का आणते? मी तं आणून राह्यलो जास्त. असा चोर तुमच्या आंजीत असंन, आमच्या सेलूत नाई."

इथे मला माझ्या घराविषयी थोडं सांगावं लागेल, क्षमा असावी. मी आंजीची. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. माझी शाळा म्हणजे आमचं किराणा दुकान. आईने पुड्यांच्या छापील कागदावर वाचायला शिकवलं आणि बाबांनी तराजूवर हिशेब शिकवला. बाबांचा एक नियम होता. काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काटा हलतो आहे तोवर वजन सांगायचं नाही. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला आहे की मला कुणी साधं जेवलीस का विचारलं तरी मी थोडी थांबते.

तर मी ठरवलं, आधी काटाच तपासायचा. बाबांच्या दुकानातलं शिक्का मारलेलं लोखंडी वजन पिशवीत घातलं आणि एसटीत बसले. कंडक्टरने पिशवी पायाने सरकवून पाहिली, ती सरकली नाही. म्हणाला, "काय आहे वं ताई यात?" मी म्हटलं, वजन. तो म्हणाला, "ते तं समजलं. कायचं?" मी म्हटलं, वजनाचंच. त्याने पिशवीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूला तिकिटं फाडायला निघून गेला.

दोन्ही काटे बरोबर निघाले. आता काय? मी ताईंकडे गेले. म्हटलं, ताई, काटे खरे आहेत, नोंदी खऱ्या आहेत, तरी जुळत नाही. मला झोप लागत नाही.

ताईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्या उत्तर देत नाहीत, प्रश्न विचारतात. म्हणाल्या, "टेबलापाशी बसून किती वेळा बेरीज करशील? उद्या गाडीत बस."

दुसऱ्या दिवशी मी पिकअपमध्ये स्वप्निलभाऊंच्या शेजारी बसले. पहिला थांबा कौशल्याबाईंचा. कौशल्यामावशी, तुम्ही समोरच बसला आहात, काही चुकलं तर सांगा. मावशींनी पाल्याचं कॅरेट काट्यावर ठेवलं. काटा थांबला. फोनने टिकटिक केली, नोंद झाली. स्वप्निलभाऊंनी कॅरेट उचलून गाडीत ठेवलं. आणि मावशींनी आपल्या विकायच्या टोपलीतली मेथीची एक चांगली जुडी उचलली, कपाळाला लावली आणि गाडीतल्या कॅरेटवर ठेवली.

मी खाली उडी मारली. "मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? जुडी आहे."

"ती तोलली नाही."

"नाईच तोलत ते."

"पण का?"

"काऊन म्हंते!" मावशी शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "शिकलेली पोट्टी आहे, हिले गायीचा घास माहीत नाई." मग मला म्हणाल्या, "हे पाह्य पोरी. तोललं ते संस्थेचं. त्याचं खत होते, ते मले भेटते, तो झाला सौदा. हा पाला जाते गोठ्यात. गायीच्या तोंडचं कोणी तोलून देते काय? तोलून देल्लं तं माह्या घासाचं काय राह्यलं?"

मी म्हटलं, "मग आधी काट्यावर ठेवायची ना."

"मंग तोललाच ना तो."

मी पुन्हा गाडीत चढले. पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्या दुकानातही तेच. कुणी दोन गाजरं, कुणी मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सगळ्या जणी काटा थांबायची वाट बघत होत्या. बाबांच्या नियमाचा असा उपयोग होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. जामला गेलो, तर ढाब्यावर नत्थूजींनी उरलेल्या पोळ्यांचा डबा तोलून दिला आणि वर तंदूरमधली गरम पोळी ठेवली. म्हणाले, "पयली पोळी गायीची असते मॅडम. आमच्या मायनं लावलेली सवय." स्वप्निलभाऊंना मी विचारलं, तुम्हाला हे रोज दिसत होतं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "ते काय सांगायची गोष्ट आहे? सगळेच देते. मले वाटलं मोबाइलले माहीत असंन."

मोबाइलला माहीत नव्हतं. ज्यांनी तो बनवला त्यांनाही नव्हतं, आणि आंजीच्या किराणा दुकानात वाढलेल्या मलाही सुचलं नव्हतं. माझ्या आईने रोज पहिली पोळी बाजूला काढलेली मी पाहिली आहे.

साकेत सर नागपूरहून आले. त्यांनी आमचं ऐकलं आणि चार दिवसांनी उपाय घेऊन परत आले. निळं कॅरेट, त्याला झाकण. तोलून झालं की झाकण आपोआप बंद, केंद्रात आल्याशिवाय उघडणार नाही. फार सफाईचं काम होतं. आणि खरं सांगते, ते पाहून मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच म्हटलं, हे उत्तम आहे, सगळं जुळेल.

ताईंनी ते झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. म्हणाल्या, "साकेत, कौशल्याबाई जुडी घेऊन हात पुढे करणार आणि हे त्यांच्या हातासमोर बंद होणार. बरोबर?"

"हो मॅडम. म्हणजे डेटा क्लीन राहील."

"राहील. आणि मग त्या जुडी कुठे ठेवतील?"

"कुठेच नाही मॅडम. विकतील."

"विकतील," ताई म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात पालाही विचार करून देतील. आपण उरलेलं गोळा करतो, साकेत. ते देणाऱ्याच्या मनात असतं तोवरच मिळतं. झाकण नको. तुझ्या यंत्राला शिकव, की इथली माणसं तोलल्यावर आणखी घालतात."

साकेत सर डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, असा कॉलमच नसतो कुठे."

"मग आपल्याकडे असू दे."

विरोध केला तो मी. म्हटलं, ताई, जे कुणाच्या नावावर नाही त्याची नोंद मी कशी करू? आणि उद्या खरोखरच कुणी माती घातली तर तीही त्याच कॉलममध्ये जाईल. मला वाटलं ताई रागावतील. त्या म्हणाल्या, "हा प्रश्न बरोबर आहे. तूच सोडव." आणि चष्मा पुसायला लागल्या.

मला दोन दिवस लागले. शेवटी उत्तर आमच्या निवडणाऱ्या बायांच्या टेबलावरच होतं. माल तिथे पसरला जातो, प्रत्येक पान हाताखालून जातं. तिथे माती, दगड, प्लास्टिक निघालं की ते वेगळं तोलायचं. ते वजा केल्यावरही जे जास्त भरेल, ते खरं अन्न. त्याला नाव काय द्यायचं? साकेत सरांनी 'अतिरिक्त' लिहिलं होतं. मी ते खोडून 'घास' लिहिलं.

पण घासाचंही शेवटी काही गायीला जातं, काही खतात जातं. ते खत कुणाचं? ताई म्हणाल्या, "जे कुणी मोजून दिलं नाही, ते आपण मोजून विकायचं नाही." म्हणून तेव्हापासून आपल्या केंद्रात एक पद्धत आहे, शेतकऱ्यांनी ती पाहिली आहे. पोतं तोलून झालं, काटा थांबला, नोंद झाली, की शिवायच्या आधी वरून एक फावडं खत जास्तीचं पडतं. पोत्यावरची खूण उघडली की वजनाखाली एक ओळ दिसते, 'आणि वर घास.' पहिल्यांदा ती ओळ पाहून प्रभाकररावजींनी फोन केला होता, की हे वजन नक्की किती समजायचं. मी म्हटलं, लिहिलं आहे तेवढं. ते म्हणाले, "अन् घास?" मी म्हटलं, तो तोलत नाहीत. फोनवर बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

लाल खूण गेली. पोती गेली. स्वप्निलभाऊंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडमले तोलून द्या, त्याइले तसंच जमते." तो चहा आजवर मला थोडा जास्तच मिळतो.

हे सगळं सांगायचं कारण ताईंचं कौतुक एवढंच नाही. ताईंचं कौतुक ताईंना आवडत नाही, त्या मघापासून फुलांच्या गुच्छातली वाळलेली पानं काढून मुठीत जमा करताहेत. ती कुठे जाणार हे आपल्याला माहीत आहे.

कारण असं, की प्रभाकररावजींनी विचारल्यावर मी ताईंकडे गेले होते. म्हटलं, ताई, मी घाबरट आहे. रात्री उठून कुलूप बघणारी माणूस आहे. आकडा जुळला नाही तर मला झाकण आवडतं, हे तुम्ही पाहिलं आहे. केंद्र चालवायला तुमच्यासारखं मन लागतं. माझ्या हातून चुकलं तर?

ताई म्हणाल्या, "चुकेलच. मग लाल खूण येईल. मग तू गाडीत बसून जाशील आणि बघशील. हेच काम आहे, रक्षा. मी काही वेगळं करत नव्हते." आणि वर म्हणाल्या, "झाकण तुला आवडलं होतं, खरं आहे. पण 'घास' हा शब्द तू लिहिलास. मी लिहिला नव्हता."

हे मी आठ दिवस मनात तोलते आहे. इथे उभी राहिले तेव्हा काटा हलत होता. आता समोर कौशल्यामावशी दिसताहेत, स्वप्निलभाऊ शेवटी खुर्चीवर बसलेले दिसताहेत, आणि मला वाटतं तो थांबला आहे.

अध्यक्षमहाराज, माझं उत्तर हो आहे. केंद्र मी सांभाळेन. एकच विनंती, म्हातारीचे निरोप काही दिवस ताईंच्या फोनवरही जाऊ द्यावेत. मला गरज आहे म्हणून नाही. म्हणजे, गरज आहेच. पण ताईंना अमरावतीत करमणार नाही, हेही मला दिसतं आहे.

ताई, तुम्हाला निरोप देताना डोळ्यात पाणी यावं असं मी कागदावर लिहून आणलं होतं, तो भाग मी वगळते. तुम्ही सुखाने जा. बाजार भरेल, उठेल, गाडी फिरेल, आणि काटा थांबल्यावर कुणीतरी वर एक जुडी ठेवेल.

स्वयंपाकघरातल्या मंडळींचे, हॉल देणाऱ्या समितीचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. जेवण तयार आहे. उरेल त्याची चिंता करू नका, गाडी बाहेर उभी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. कमी पडलं असेल ते माझ्या नावावर मांडा. जास्त झालं असेल, तर तो घास समजा.

नमस्कार.